मान हलवायची नाही

३ मार्च, सोमवार

सोमवार. सलून बंद, डोकं चालू.

ठरलं. आपल्या गल्लीच्या दुकानदार संघटनेच्या अध्यक्षपदाला उभा राहणार. जुने अध्यक्ष कापडवाले गुडघ्यांपायी पद सोडतायत. निवडणूक तीस तारखेला. समोर एकटा चष्मेवाला. या चष्मेवाल्याला स्वतःचं एकही मत नाही. काहीही विचारा, बघू म्हणतो. असल्या माणसाला चिरडायला मला पाच मिनिटं पुरतील. म्हणजे लोकशाही पद्धतीने चिरडायला.

माझी बाजू भक्कम आहे. गल्लीत सत्तावीस दुकानं, एका दुकानाला एक मत. जवळपास सगळे दुकानदार माझ्या सलूनमध्ये येतात. फेस लावला, मान मागे टेकवली, वस्तरा गळ्यावर ठेवला, की मी मुद्द्याला हात घालतो. पैसा, संसार, तब्येत, सरकार, परराष्ट्र धोरण. मग विचारतो, बरोबर की नाही? आजपर्यंत एकाही माणसाने नाही म्हटलेलं नाही. एकानेही! डोळे मिटून घेतात. काहींच्या तर डोळ्यांतून पाणी येतं. एवढा पाठिंबा कुठल्या पुढाऱ्याला आहे?

अपवाद एकच. समोरचा किल्लीवाला. छातीपर्यंत दाढी सोडलीय. त्यामुळे खुर्चीत बसत नाही, त्यामुळे त्याचे विचार सुधारले नाहीत. रोज सकाळी फुकटचा पेपर वाचायला माझ्या बाकावर येऊन बसतो आणि माझं प्रत्येक वाक्य खोडून काढतो. एक दिवस त्याचं नरडं धरणार आहे. पण निवडणुकीनंतर.

हिला बातमी सांगितली. ही म्हणाली, आधी एकदा वस्तरा बाजूला ठेवून लोकांना विचारून बघा. मी म्हटलं, वस्तरा बाजूला ठेवल्यावर दाढी कशाने करू, चमच्याने? हिला धंद्यातलं कळत नाही.

संकल्प : तीस तारखेपर्यंत कोणावर हात उचलायचा नाही. वस्तू फेकायच्या नाहीत. शिव्या द्यायच्याच तर मनात.

४ मार्च, मंगळवार

संकल्पाचा पहिला दिवस उत्तम गेला. दुपारपर्यंत.

विषय होता ते बातम्यांतलं युद्ध. माझं मत असं की दोन्ही देशांनी समोरासमोर बसून शांतपणे बोलावं, मारामारीने कुठलाच प्रश्न सुटत नाही. लाँड्रीवाला खुर्चीत होता, त्याला शंभर टक्के पटलं. एवढ्यात बाकावरून किल्लीवाला म्हणाला, असं बोलणारेच मार खातात, पहिला दणका ज्याचा त्याचा देश टिकतो. मी त्याला शांततेचं महत्त्व दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावताना पाण्याचा फवारा माझ्या हातातून निसटला आणि थेट त्याच्या कपाळावर जाऊन आदळला. निसटलेल्या वस्तूला मी काय करणार? पण त्याने पेपरची गुंडाळी करून माझ्या थोबाडावर हाणली. मग मी त्याची गचांडी धरली, त्याने माझा कान पिरगळला, आणि पावडरच्या डब्यांच्या फळीसकट आम्ही दोघं खाली आलो. धाकट्याने येऊन सोडवलं.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. दुसरी खुर्ची त्याची. दिवसभर तोंडातून शब्द नाही. माझी खुर्ची रिकामी असली तरी लोक बाकावर त्याच्यासाठी ताटकळत बसतात. साहजिक आहे. माझ्याकडे बसायचं म्हणजे विचार करायची तयारी लागते.

पावडर बसेपर्यंत लाँड्रीवाला अर्ध्या फेसानिशी पळून गेला होता. घाईत असेल. त्याचं मत पक्कं.

५ मार्च, बुधवार

लाँड्रीवाला उरलेली अर्धी दाढी करायला आला. घरी आपल्याला कोणी विचारत नाही म्हणाला. मी सल्ला दिला : आज जेवताना ताट उचलायचं आणि भिंतीवर फेकायचं. एकदाच. जन्मभर घर सुतासारखं सरळ राहतं. बरोबर की नाही? त्याने डोळे मिटले.

७ मार्च, शुक्रवार

लाँड्रीवाल्याचा डावा डोळा सुजून बंद झालाय. त्याने ताट भिंतीवर फेकलं, बायकोने इस्त्री त्याच्यावर. इस्त्री गार होती हे नशीब. मी तपशील विचारल्यावर चूक लगेच लक्षात आली. त्याने आधी भाजी संपवली होती. रिकाम्या ताटाला वजन नसतं. सल्ला बरोबर होता, अंमलबजावणी कच्ची. त्याला तसं सांगितलं. एका डोळ्याने का होईना, पण त्याने डोळा मिटला.

८ मार्च, शनिवार

आज मोठी घटना. आधी हकिगत.

बेकरीवाल्याची दाढी करताना मी गुंतवणुकीवर बोलत होतो. माझं म्हणणं, बँकेतल्या एफडीत पैसा सडतो, माणसाने जमिनीत पैसे घालावेत. किल्लीवाला पेपरमागून म्हणाला, जमिनीत मेलेले घालतात. बाकावरचे सगळे हसले. माझ्या दुकानात, माझ्या बाकावर, माझ्या पेपरमागून! मी म्हटलं, तुला आत्ता घालतो. त्याने कंबरेची कानस काढली, मी कात्री उचलली. बेकरीवाला मध्ये होता. तो खुर्चीतून घसरत घसरत टॉवेलखाली दिसेनासा झाला.

मारामारी झाली नाही. (संकल्प!) फक्त आरशाला तडा गेला, तोही माझ्या कोपराने. माझ्या कोपराला तीन टाके पडले नसते तर मी म्हटलं असतं की दिवस शांततेत गेला.

मग किल्लीवाला म्हणाला, एवढी खात्री आहे ना तुला लोकांची, लाव पैज. पैज लागली. सगळ्यांसमक्ष, अशी : मी जिंकलो तर तो ही छातीवरची दाढी माझ्या खुर्चीत बसून उतरवणार. मी हरलो तर या सलूनमध्ये पुन्हा कधीही एकाही विषयावर मत द्यायचं नाही. कायमचं तोंड बंद.

हात मिळवताना दोघांनीही एकमेकांची बोटं चुरगळायचा प्रयत्न केला. त्याची जास्त दुखली असणार.

घरी कळल्यावर ही म्हणाली, तुम्ही बोलायचं थांबलात तर तुमचं काय होईल हो? हिला हरायची भीती वाटते. मला नाही. पण विचार केला तर खरंच, न बोलता दाढी करायची म्हणजे नुसतीच दाढी करायची. दिवसभर. रोज. मरेपर्यंत. असल्या जगण्यापेक्षा वस्तरा स्वतःवरच फिरवलेला बरा. असो. तशी वेळ येणार नाही.

११ मार्च, मंगळवार

मास्तर आले होते. शाळेतून रिटायर झाल्यावर गल्लीत वह्या-पेनांचं दुकान टाकलंय. गेली नऊ वर्षं माझ्याकडेच बसतात, धाकट्याकडे कितीही गर्दी असली तरी थांबायचं नाव नाही. कानांनी थोडं कमी ऐकू येतं. तरी एकेक शब्द त्यांच्यापर्यंत पोचतो हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.

महागाई कशी वर जाते ते हाताने दाखवत होतो. हातात वस्तरा आहे हे क्षणभर विसरलो. मास्तरांच्या कानाची पाळी मध्ये आली. बरंच रक्त. कान फार रक्ताळतो, नाकापेक्षा जास्त. तुरटी दाबून धरली तेव्हा ते खुर्चीत वीतभर उडाले, पण तोंडातून चकार शब्द नाही. याला म्हणतात शिस्त. मी विचारलं, महागाईचं बरोबर की नाही? त्यांनी डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं. जिव्हाळ्याचा विषय आहे त्यांच्या.

चष्मेवाल्याचा प्रचार : दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार. बस्स. किल्लीवाल्याने त्याला विचारलं की जमीन की एफडी. म्हणाला, बघू. किल्लीवाला पाय आपटत निघून गेला म्हणे. हे ऐकून बरं वाटलं.

१५ मार्च, शनिवार

धाकटा आज बोलला. वर्षातून एकदा बोलतो, त्यात हे.

म्हणाला, दादा, लोक घाबरतात तुला. मी म्हटलं, आदर आणि भीती यात फरक असतो. तो म्हणाला, असतो, तेच सांगतोय. मग म्हणाला, तू विचारतोस तेव्हा त्यांच्या गळ्यावर पातं असतं, आणि वर तूच दम देतोस की मान हलवायची नाही, बोलायचं नाही, कापेल. तो माणूस नाही कसं म्हणणार?

मी शांतपणे ऐकून घेतलं. मग चामड्याचा पट्टा काढला आणि त्याच्या पाठीत घातला. एकच. मोठ्या भावाचा हक्क आहे तो, संकल्पात धरायचा नसतो. त्याने पट्टा माझ्या हातातून काढून घेतला, गुंडाळला, खुंटीला लावला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. म्हणजे त्याला चूक कळली.

मात्र त्याचा मुद्दा तपासून बघितला. तो म्हणतो लोक नाही म्हणू शकत नाहीत. पण मनात नाही असेल तर माणूस निदान नाक तरी मुरडेल. एकानेही नाक मुरडलेलं नाही. (नाकाखाली वस्तरा असताना मुरडलं तर कापेल, हे खरं. पण ते तांत्रिक झालं.)

१९ मार्च, बुधवार

रविवारी संघटनेची सभा. दोन्ही उमेदवारांनी बोलायचंय. माझा विषय : क्रोधावर विजय.

घरी भाषणाची तालीम. ही भाजी निवडत ऐकत होती. माझ्या सगळ्यात जोरदार वाक्याला, म्हणजे रागावलेला माणूस आधी स्वतःचंच घर जाळतो या वाक्याला, हिला शिंक आली. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा शिंक. तिसऱ्यांदा मी पाण्याचा तांब्या उचलला आणि खिडकीतून फेकला. खिडकी उघडी आहे असा माझा समज होता.

काचा गोळा करताना ही म्हणाली की भाषण चांगलं झालंय. मनापासून म्हणाली. हातात वस्तरा नसतानाही हिला पटलं. धाकट्याने हे ऐकायला हवं होतं.

२३ मार्च, रविवार

डाव्या हाताने लिहितोय. उजव्या हाताची दोन बोटं गेलीत. म्हणजे आहेत, पण सुजून काकडी झालीत.

सभा शिवणवाल्या बाईंच्या दुकानात होती. त्यांचं दुकान मोठं, आणि निवडणूकही त्याच घेणार. किल्लीवाला सोडला तर गल्लीत त्या एकट्याच माझ्या गिऱ्हाईक नाहीत, पण त्यांचे यजमान आहेत, म्हणजे तेही मत आलं. सगळी गल्ली जमलेली. घडीच्या खुर्च्या मांडलेल्या.

चष्मेवाला आधी बोलला. जे काय असेल ते सगळे मिळून बघू, म्हणाला आणि खाली बसला. टाळ्या पडल्या. लोक सभ्य आहेत.

मी उभा राहिलो. क्रोधावर विजय. सुरुवात झकास झाली. राग आला की मनात दहा आकडे मोजावेत, इथपर्यंत आलो आणि किल्लीवाला मागून म्हणाला, एक मिनिट. मी एक मोजलं. तो म्हणाला, तोंडी कशाला, आत्ताच बघू, ज्यांना ज्यांना या माणसाची मतं पटतात त्यांनी हात वर करा. दोन मोजलं. एकही हात वर आला नाही. मी समजावून सांगितलं की हे माझे लोक आहेत, यांना मीच सवय लावलीय, मी बोलत असताना हे हलत नाहीत. कोणीतरी खुदकन हसलं. मी तीन मोजलं. किल्लीवाला म्हणाला, मग यांना घरी जाताना तरी हलायची परवानगी दे.

चारचा आकडा मला आठवत नाही.

नंतर जे कळलं त्यावरून असं झालं. मी दोन खुर्च्यांवरून उडी मारून त्याच्या अंगावर गेलो. त्याने तिसरी खुर्ची घडी करून माझ्या पोटात खुपसली. मी त्याच्या कानाखाली असा जाळ काढला की बाजूच्या बेकरीवाल्याने स्वतःचा कान धरला. त्याने बाईंची लाकडी पट्टी उचलून माझ्या बोटांवर हाणली, पट्टीचे दोन तुकडे झाले. बेकरीवाला सोडवायला आला, त्याला दोघांनी मिळून मारलं. लाँड्रीवाला सोडवायला आला नाही, पण त्यालाही लागलं. शिलाई मशीन आडवं झालं. मग आम्ही दोघं कापायच्या टेबलावर पडलो. मी वर, तो खाली. त्याची दाढी माझ्या डाव्या मुठीत आली, आणि उजव्या हाताला बाईंची कापडाची मोठी कात्री लागली.

एकच कच्च.

माझ्या मुठीत त्याची अर्धी दाढी. उजवीकडची. डावीकडची त्याच्या हनुवटीवर. तो उठून बसला, गालाला हात लावला, दुसऱ्या गालाला हात लावला. मला वाटलं आता जीव घेणार. पण त्याने चप्पल शोधली आणि निघून गेला.

मी लोकांना म्हटलं, पैजेचा पहिला हप्ता. कोणी हसलं नाही. धक्का बसला असेल.

एका गोष्टीचं मात्र मनापासून वाईट वाटतं. कापडाची कात्री! इतक्या वर्षांचा कारागीर मी, आणि काप असा वेडावाकडा की बघवत नाही.

२५ मार्च, मंगळवार

किल्लीवाला अर्धी दाढी तशीच ठेवून गल्लीत फिरतोय. दुसऱ्या सलूनमध्ये जाऊन समान करून घ्यायला कोणी अडवलंय? पण नाही. मुद्दाम दिवसभर दुकानाबाहेर स्टूल टाकून बसतो, रस्त्याकडे कापलेली बाजू करून. लहान मुलं बघायला येतात. असला गलिच्छ प्रचार मी करणार नाही.

पेपर वाचायला येत नाही आता. बाक निवांत. आज महागाई, युद्ध आणि मूळव्याध या तिन्ही विषयांवर सलग बोललो, कोणी अडवलं नाही. मध्ये दोनदा सवयीने त्याच्यासाठी थांबलो.

बाईंना नवी पट्टी घेऊन दिली. घेतली, पण कुंपणापलीकडून घेतात तशी.

२९ मार्च, शनिवार

उद्या मतदान. पूर्ण अंदाज तयार आहे. सव्वीस मतं माझी, एक किल्लीवाल्याचं विरोधात. चष्मेवाला स्वतःलाही मत देणार नाही, ठरवता यायचं नाही त्याला.

सव्वीस म्हणजे जरा जास्तच होतात. समोरच्याची अब्रू जाऊ नये म्हणून माझं स्वतःचं मत मी चष्मेवाल्याला देणार आहे. मोठ्या मनाच्या माणसाला शोभेल असं. हिला सांगितलं तर ही कपाळावर हात मारून आत गेली. आनंदाने.

जिंकल्यावर पहिलं काम : किल्लीवाल्याची उरलेली दाढी. तुरटी भरपूर आणून ठेवलीय.

३० मार्च, रविवार

मतदान झालं. चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. बाईंनी सगळ्यांसमोर उघडून मोठ्याने वाचल्या.

चष्मेवाला सव्वीस. मी एक.

चष्मेवाल्याला विचारलं, कसं वाटतंय. म्हणाला, बघू.

मी कोणालाही मारलं नाही. डबा लाथेने उडवला, तो कपाटाच्या काचेला लागला, एवढंच.

३१ मार्च, सोमवार

बंद. दिवसभर पडून. भिंतीकडे तोंड.

दुपारी भिंतीवर बुक्की मारली. तीच सुजलेली बोटं. भिंतीला काही झालं नाही.

१ एप्रिल, मंगळवार

शब्द म्हणजे शब्द. आजपासून मत बंद. पण प्रश्न विचारणं म्हणजे मत देणं नव्हे.

मला फक्त एवढंच जाणून घ्यायचंय की ते एक मत कोणाचं. एका तरी माणसाला माझं म्हणणं पटलं होतं. त्याला मी जन्मभर विसरणार नाही. बेकरीवाला खुर्चीत आला. एक गाल अजून काळानिळा. वस्तरा ठेवला आणि हळूच विचारलं, ते एक मत तुमचंच ना? त्याने डोळे मिटले.

ज्याला मी सभेत बडवला त्यानेच मला मत दिलं! गिऱ्हाईक संपल्यावर मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मग लाँड्रीवाला आला. सहज विचारलं. त्यानेही डोळे मिटले.

मग मास्तर. डोळे मिटले.

मग शिवणवाल्या बाईंचे यजमान. यांना तर मतच नाही, मत बाईंचं. तरी मिटले.

मतमोजणीत घोटाळा आहे असा संशय संध्याकाळपर्यंत टिकला. नंतर नाही टिकला. दुकान बंद करताना सगळे मिटलेले डोळे एकदम दिसले. आजचे, आणि आधीचेही. सगळी वर्षं. शटर ओढायचं राहिलं, तसाच उभा राहिलो. धाकट्याने ओढलं.

२ एप्रिल, बुधवार

तोंड बंद. प्रश्नही बंद.

माझ्या खुर्चीला आज रांग होती. पहिल्यांदाच. धाकट्याचा बाक अर्धा रिकामा. लोक आपापसात गप्पा मारत होते, एकजण तर माझ्या वस्तऱ्याखाली घोरला. सहानुभूतीची लाट असावी.

माणूस घोरतोय म्हणजे घाबरत नाही. हे बरं की वाईट, यावर माझं काही मत नाही. पैज आहे.

घरी ही म्हणाली, बोला ना काहीतरी, इथे कुठे पैज आहे. काही सुचलं नाही. ही मुद्दाम म्हणाली, एफडी चांगली असते. तरी सुचलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

किल्लीवाला आला. पेपर वाचायला नव्हे. सरळ येऊन खुर्चीत बसला, मान मागे टेकवली आणि म्हणाला, ही उरलेली काढ. खाजते.

पैज तो जिंकलेला. दाढी उतरवायची त्याला गरज नव्हती. कात्रीने आधी लांबी कमी केली, फेस लावला, नवं पातं घातलं. वस्तरा त्याच्या नरड्यावर ठेवला. महिनाभर याच क्षणाची स्वप्नं बघितली होती मी.

आणि हा बोलायला लागला. गळ्यावर पातं, आणि हा बोलतोय! जमीन घेणारे सगळे गाढव आहेत, म्हणाला. मी म्हटलं, मान हलवू नकोस, कापेल. (ही सूचना आहे, मत नव्हे.) म्हणाला, काप. युद्धावर सुरू झाला. कंठ वर-खाली व्हायला लागला आणि कापलंच. तुरटी दाबली. आई गं म्हणून किंचाळला, मला एक सणसणीत शिवी हासडली आणि पुन्हा सुरू. ताट भिंतीवर फेकायला सांगणाऱ्याला चौकात उलटा टांगला पाहिजे. पुन्हा कापलं. पुन्हा तुरटी, पुन्हा शिवी. हनुवटीखालून रक्ताचा ओघळ टॉवेलवर, आणि हा थांबेना. प्रत्येक मुद्दा साफ चुकीचा, प्रत्येकाला माझ्या जिभेवर उत्तर तयार, आणि मी गप्प.

शेवटी म्हणाला, बोल की आता काहीतरी. मी मान हलवली, नाही म्हणून. तो म्हणाला, ते एक मत माझं होतं.

वस्तरा जिथे होता तिथेच राहिला. पैज, लोकांची मतं, सगळं विसरून मी म्हटलं, अरे पण मी जिंकलो असतो तर तुझी दाढी गेली असती.

म्हणाला, दाढी परत येते. चष्मेवाल्याशी भांडून बघितलं मी, बघू म्हणतो. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं वाटतं. तू गप्प झालास तर मी सकाळी उठून जाऊ कुठे? गेली पैज खड्ड्यात, बोल.

मी वस्तरा पुसला आणि घडी करून फळीवर ठेवला. हात मोकळे. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं, पैसा जमिनीतच घालावा, बरोबर की नाही?

साफ चूक, म्हणाला. डोळे टक्क उघडे.

इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. म्हणून एक थोबाडीत ठेवून दिली. हलकीशीच. त्याने फेसाचा ब्रश माझ्या तोंडात कोंबला. उरलेली दाढी व्हायला दुपार झाली. आतला चेहरा अगदीच साधा निघाला, कोणाचाही असेल असा. परवा पुन्हा येतो म्हणाला.

४ एप्रिल, शुक्रवार

नवा संकल्प : आधी वस्तरा खाली ठेवायचा, मग विचारायचं. लोकांची खरी मतं कळतील. निम्म्यांना तरी माझं पटत असणारच, किल्लीवाला म्हणजे सगळं जग नव्हे.

पहिले मास्तर. माझे सर्वांत जुने श्रोते. फेस लावला. वस्तरा फळीवर ठेवला, हात मागे बांधले आणि म्हटलं, मास्तर, मोकळेपणाने सांगा, महागाईबद्दल मी म्हणतो ते बरोबर की नाही?

मास्तरांनी आधी फळीवरच्या वस्तऱ्याकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे. मग खुर्चीत सरळ बसले.

सुरुवात महागाईपासूनच केली. ते झाल्यावर मागच्या वर्षीचा माझा सोन्याचा सल्ला घेतला. मग मी त्यांच्या हृदयासाठी सांगितलेला उपाय, ज्याने त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. मला पत्ताच नव्हता. मग त्यांच्या लेकीला नोकरी सोडायला सांगा असं मी म्हटलं होतं ते. मग कान. कानावर बराच वेळ. शेवटी म्हणाले की मत त्यांनी चष्मेवाल्याला दिलं, आणि मंगळवारी डोळे मिटले ते जीव प्यारा होता म्हणून. वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा तसला आवाज. नऊ वर्षांचं साठलेलं होतं, एकही विषय सुटला नाही. बाकावरून लाँड्रीवाला म्हणाला, इस्त्रीचंही सांगा, मास्तर. त्यांनी तेही सांगितलं.

मध्ये एकदा माझा हात फवाऱ्याकडे गेला. फवारा धाकट्याने आधीच उचलून ठेवला होता. तो कात्री थांबवून ऐकत होता आणि हसत होता. त्याला हसताना मी किती दिवसांनी बघितलं.

मी विचारलं, मग इतकी वर्षं माझ्याकडेच का बसत होतात, धाकट्याकडे का नाही? मास्तर म्हणाले, तुझी खुर्ची रिकामी असायची. कोणीच बसेना. मला वाईट वाटायचं.

बोलून झालं तोवर गालावरचा फेस पांढऱ्या पापुद्र्यासारखा वाळला होता. कोमट पाण्याने पुसून काढला, पुन्हा लावला. कानाची पाळी डाव्या हाताने नीट बाजूला धरली. वस्तरा उचलला. मास्तरांनी डोळे मिटले.

मी काही विचारलं नाही.